फोडलेला ओटा

आष्टा,
बुधवार, १८ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास,

संयूचा नमस्कार. साष्टांग यावेळी राहू दे, माझी कंबरही वाकत नाही आणि मनही.

इकडं सगळे बरे आहेत. ह्यांची आडसाली उसाच्या लागणीसाठी सऱ्या सोडायची गडबड चाललीय. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, तेवढं मिरजेतनं आणून दे. वहिनीला सांगू नकोस, तूच आण.

मी तुझ्या साईट ऑफिसला कामाला का येत नाही असं चारचौघांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास म्हणे, “संयूला घरचं काम लागलंय.” कसलं घरचं काम रे? फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पाव्हण्यांत फिरणार. म्हणून कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यातली ती संध्याकाळ आठव. सांगलीतले सगळे बिल्डर आणि एजंट फेटे बांधून बसलेले. आपल्या बिल्डर संघटनेचा ‘सर्वांना घर, सर्वांना शेजार’ पुरस्कार तुलाच मिळायचा होता, कारण निवड समिती तूच नेमली होतीस. आपल्या इमारतीत काही घरं कमी किमतीत, सगळ्या जातिधर्माच्या माणसांसाठी राखून ठेवली म्हणून तुझा सत्कार. मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, दादानं खरंच काहीतरी चांगलं केलं.

त्यातलं एक घर घ्यायला रंगूबाई आणि नानासोंना मीच आणलं होतं. जतकडचं धनगर जोडपं. मेंढरं केव्हाच विकली, आता नानासो हळदीच्या वखारीवर मुकादम आहेत आणि लेक प्रांजल मिरजेला नर्स. तिचं कर्ज मंजूर झालेलं, टोकन भरलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं घर मी माझ्या हातानं उघडून दाखवलेलं. आणि तू मला फोन करून काय सांगितलंस? “नानासोला म्हणावं पटका बांधून, घोंगडं घिऊन ये. फोटोत कळाय पायजे.”

मी निरोप दिला तर ते हसायलाच लागले. “ताई, घोंगडं कुठलं आता? मेंढरं गेली तवाच गेलं ते.” मग मेव्हण्याकडनं मागून आणलं बिचाऱ्यांनी. रोज पँट-शर्टात कामाला जाणारा माणूस भर उकाड्यात खांद्यावर उसनं घोंगडं टाकून स्टेजवर घामानं निथळत उभा होता, आणि तू माईकवर म्हणत होतास, “घराला जात नसती!” मग रंगूबाईंच्या हातात ती सोनेरी कागद लावलेली थर्माकोलची भली मोठी किल्ली. हॉल नुसता दणाणला.

त्या बाईला काय कळणार रे, की आपल्याकडं किल्ली देणं वेगळं आणि घर देणं वेगळं? एवढ्या मोठ्या माणसांसमोर हातात किल्ली दिली, म्हणजे घर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेगडी, नवं पातेलं आणि दूध घेऊन हजर. वॉचमननं आदल्या रात्री टाळ्या वाजवल्या होत्या, त्यानं दार उघडून दिलं. तिनं ओट्याला हळदकुंकू लावलं आणि दूध उतू घालवलं. आपल्यात काय, त्यांच्यात काय, आपल्या हातचं दूध जिथं उतू गेलं ते घर आपलं झालं. मला फोन आला, “ताई, या की परसाद घ्यायला.” मी गेले. साखर घातलेलं ते दूध मी प्याले.

तेवढ्यात तू आलास, बरोबर तीन एजंट. “आवं मावशी, ती किल्ली फोटोपुरती व्हती की! थर्माकोलची!” चौघंही खो खो हसलात. आणि दादा, रंगूबाईसुद्धा हसल्या. त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचं हसू गेलं.

संध्याकाळी टोकन परत. कारण काय, तर वरच्या मजल्यावरच्या लोकांना चालणार नाही, पार्टी आपल्यातली नाही. प्रांजलनं तुला एवढंच विचारलं, “सर, काल स्टेजवर आम्हीच होतो ना?” तू फोन कानाला लावून बाहेर गेलास. फोन वाजलाही नव्हता.

मला हे नवीन होतं असं नाही. पार्टी कुठली, आडनाव काय, खाणं कसं, हेच दिवसभर ऐकत होते. मुलाणी मास्तरांना “बुक झालं” म्हणून वाटेला लावायचं आणि दुपारी तेच घर पाव्हण्याला दाखवायचं, यावरून मी तुझ्याशी किती वेळा भांडले ते तुला ठाऊक आहे. दरवेळी तू म्हणायचास, “धंदा हाय बाई, देऊळ न्हवं.” पण पुढं जे केलंस ते कुठल्या धंद्यात बसतं?

नव्या पार्टीला कुणीतरी सांगितलं की त्या घरात दुसऱ्याचं दूध उतू गेलंय. तू लगेच गवंडी बोलावलास. तो बिचारा ओट्यावरनं हात फिरवत म्हणाला, “मालक, काय झालंय ह्याला? चांगला तर हाय.” तू म्हणालास, “बाटलाय.”

बाटलाय! मी तिथंच उभी होते रे. काळा कुळकुळीत, नवाकोरा दगड, घणानं फोडला. वर गोमूत्र शिंपडलं. मी खाली आले आणि वाळूच्या ढिगापाशी ओकले. तुला वाटलं मला ऊन लागलं, तू सरबत पाठवलंस. त्या सरबताचीसुद्धा मला शिसारी आली. तुमच्या पुरस्काराची, फेट्यांची, त्या फोटोची शिसारी आली. तो फोटो अजून ऑफिसात लावलायस म्हणे, नानासोंच्या घोंगड्यासकट. लाज कशी वाटत नाही?

हे सगळं तुला माहीत आहे. तरी मी लिहीत बसलेय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. शेतातला वाटा भावाला सोडायचा, ही आपल्याकडची रीतच. बाकीच्यांच्या बहिणींना साडी मिळते. तू मला घर दिलंस, ह्याच इमारतीत, तुझ्या दारासमोरचं. “म्हातारपणी समोरासमोर बसून चहा पिऊ” म्हणालास तेव्हा मी रडले होते. ते खोटं नव्हतं, तुझंही आणि माझंही.

ते घर मी विकलं.

काल प्रांजलच्या नावावर खरेदीखत झालं. जी किंमत तू स्टेजवर जाहीर केली होतीस, त्याच किमतीला. बँकेनं तिचं आधी मंजूर झालेलं कर्ज ह्या घराला लावून दिलं. सोसायटी अजून झालेली नाही, त्यामुळं कुणाची परवानगी मागायला लागली नाही. ह्यांना आधी विचारलं होतं. म्हणाले, “तुझं हाय, तू बघ.” मग जरा वेळानं म्हणाले, “दादा जन्मात बोलणार न्हाईत.” मी म्हटलं, माहीत आहे. आणि भाकरी करायला गेले. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

तू म्हणशील, दिलेल्या घरावर थुंकली. माझं शिक्षण केलंस, लग्न केलंस, अडीअडचणीला धावून आलास, यातलं काही मी विसरलेले नाही. माझा दादा मुळात वाईट नाही असं मी रोज स्वतःला सांगते. मग ‘बाटलाय’ हा एक शब्द आठवतो आणि मी ताटावरनं उठते.

शुक्रवारी ती माणसं राहायला येतायत. त्यांच्या पाण्याच्या नळाला नाहीतर लिफ्टला काही ‘बिघाड’ झाला, तर तू गवंड्याला काय म्हणालास ते मी भर कोर्टात सांगेन. सख्खा भाऊ म्हणून गप्प बसणार नाही.

राखीपौर्णिमेला मी सांगलीत असेन, पण तुझ्याकडं उतरणार नाही. रंगूबाईंनी जेवायला बोलावलंय. ओवाळायचं ताट घेऊन मी तिथंच बसेन. राखी हवी असेल तर तुझं दार उघड, चार पावलं चालून समोर ये आणि त्यांच्या हातचा चहा पी. सगळा पी. कपाला नुसता हात लावून ठेवून दिलास, तर मी राखी तशीच परत आष्ट्याला आणेन.

अजून तरी तुझी बहीण,
संयोगिता