खारवीरचा शेवटचा भाग

मी, अपूर्वा राजेश परब, वय सत्तावीस, राहणार मुलुंड पूर्व, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून नाही, हे लिहिते. मंगळवारी माझ्या हार्टच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, रूटीन आहे. मग एवढ्या सह्या कशाला घेतल्या?

१. बँकेतले पैसे, पीएफ, कानातलं, सगळं आईचं.

२. मी शिवलेला खारवीरचा पांढरा केप माझ्यासोबत जाळावा. विकीच्या हाती लागू नये.

३. 'खारवीर' ही कार्टून सिरीयल एकच सीझन चालली, मग चॅनेलने गुंडाळली. मिठागरात राहणारा सुपरहिरो, पाणी लागलं की विरघळणार. मला शाळेत पळायची परवानगी नव्हती. बाकी पोरं उडणाऱ्या हिरोंवर फिदा, मला हा जपून चालणारा आवडला. आज हजारोंना आवडतो. कुणामुळे? मी शाळेतून येऊन टीव्हीवरून रेकॉर्ड करून सीड्या केल्या म्हणून.

४. विकी घाडी, माझा शाळेतला मित्र. त्याने माझ्या सीड्या नेऊन नेटवर टाकल्या, प्रत्येक भागावर स्वतःचं नाव. घाटकोपरला फॅन लोकांचा मेळावा झाला तेव्हा हा स्टेजवर, मी मागच्या खुर्चीत. शेवटचा भाग मात्र मी दिला नव्हता. तो एकदाच लागला, रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे. त्याचा फोन आला.

"अपू, दे ना यार. लोक वाट बघतायत."

"माझं नाव लाव."

"नावाचं काय एवढं घेऊन बसलीस?"

"मग तुझं काढ."

फोन कट.

ती सीडी मी विकीला देते. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलला लटकतेय. कबुतरं येऊ नयेत म्हणून आईने बांधली, उन्हाने वाट लागली, आता चालत नाही. कबुतरं तिच्याच बाजूला बसतात. सुतळी त्याने स्वतः सोडवावी.

५. काल आई भाजी निवडताना म्हणाली, "त्या मिठाच्या झिलाचा शेवटाक काय झाला गो?" (झील म्हणजे पोरगा. खारवीरला ती असंच म्हणते.) मी अख्खा भाग सांगितला, मारामारीच्या आवाजांसकट. तिचे हात थांबले. मग ग्रिलकडे बघत म्हणाली, "ह्या आधी सांगूचा नाय?"

तर तो शेवट मी आईला देते. कुणीही विचारायला आलं तर तिने सांगावा, पण आधी माझं नाव घेऊन. विकी आला तरी पूर्ण ऐकवावा. चहा देऊ नये.

मी घरी परत आले तर हे कलम रद्द, मीच सांगेन. चहाचं मात्र तसंच राहील.

सही: अपूर्वा रा. परब

साक्षीदार: गार्गी सामंत, शेजारीण
विद्याधर तांबे, सोसायटीचे सेक्रेटरी (केपच्या कलमाला यांची हरकत होती. ऐकली नाही.)

मुलुंड पूर्व, ९ नोव्हेंबर २०२५