झाकण कोण उघडतंय?

सोमवार, ९ जानेवारी

पुन्हा कच्चं! राजमा दाताखाली कटकट वाजतोय आणि बटाटे दगड. रात्री भिजत घाला, पहाटे उठून उकळा, मग स्लो कुकरमध्ये, त्या दिवसभर मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ओतून प्लग लावून कामाला पळा — आणि संध्याकाळी येऊन बघावं तर हे!

सासूबाई टीव्हीपुढे, गुडघ्यांवर गोधडी. "माझ्याकडे काय बघतेस? मी हातसुद्धा लावला नाही."

शेवटी अंडी तळली. तडा गेलेली अंडी कारखान्यात जवळजवळ फुकट मिळतात. दिवसभर सरकत्या पट्ट्यावर अंडी निवडायची, घरी येऊन अंडीच खायची. सासूबाईंनी त्यातलंही अर्धं टाकलं. चिमणीएवढं खातात.

बोटं वळत नाहीत. झोपते.

मंगळवार, १० जानेवारी

मारिसोल पट्ट्यावर माझ्या शेजारी उभी असते. तिला सांगितलं, कुकर बिघडला बहुतेक. म्हणाली, "कुकर नाही बिघडला. कोणीतरी झाकण उघडतंय. एकदा उघडलं की सगळी ऊब जाते, परत तापायला किती वेळ लागतो! घरी कोण असतं दिवसभर?"

"सासूबाई."

"कसली सासू? नवरा सोडून गेला, घटस्फोट झाला, आणि सासू ठेवून घेतलीस? ती तुझी लागते कोण आता?"

काय सांगणार? क्लेटन गेला तेव्हा ट्रकमध्ये हत्यारांची पेटी चढवली, मासे धरायचे गळ चढवले, कुत्रासुद्धा चढवला. आई राहिली. "जागा मिळाली की नेतो," म्हणाला. दुसरी बाई वगैरे काही नव्हतं. नुसता गेला. आणि मी काय, म्हाताऱ्या माणसाला आयोवाच्या थंडीत बाहेर काढू?

गुरुवार, १२ जानेवारी

दुकानात शेवटच्या तारखेच्या मांसावर स्वस्ताची पिवळी चिठ्ठी लावतात. काल तसल्या कोंबडीच्या तंगड्या मिळाल्या. सकाळी त्या, कोबी, गाजर — भांडं काठोकाठ भरलं. संध्याकाळी निम्मं!

सासूबाई म्हणतात, "आटलं असेल."

आटतं कुठे त्यात? वाफ झाकणाला धरते आणि परत आतच पडते. रस्सा उलट वाढतो. म्हटलं, "आई, तंगड्यापण आटल्या का?"

तशा उसळल्या — "मला भूक लागते गं! सकाळपासून घरभर वास सोडून जातेस, आणि मी काय वाळका पाव चावत बसू?"

खरंच की. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली. म्हटलं, दुपारी घ्या वाटीभर, पण एकदाच उघडा. मान हलवली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

रविवार, १५ जानेवारी

झोपले. उठले तेव्हा कुकरमध्ये ओटची लापशी शिजली होती, ती खाल्ली. परत झोपले.

बुधवार, १८ जानेवारी

डुकराचा अख्खा खांदा आणला होता. मोठा तुकडा स्वस्त पडतो. आज नुसता भाजल्यासारखा, उद्या उरलेला घेवड्यात, मग हाडाचं सूप — असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. आले, झाकण काढलं. हाड! आणि तळाला थोडा चोथा.

कोट न काढता तशीच ओट्याशी उभी राहिले. ओरडायचंही त्राण नव्हतं.

सासूबाई मागून बारीक आवाजात, "सूप होईल ना त्याचं..."

उद्यासाठी सूप लावून ठेवलंय आणि कारखान्यातली खोकी बांधायची चिकटपट्टी झाकणावर आडवी-उभी मारली. त्यांच्या डोळ्यांदेखत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २० जानेवारी

पट्टा बंद पडला, दुपारीच घरी सोडलं. अंगणात ट्रक.

स्वयंपाकघरात माझ्या टेबलाशी क्लेटन. डोक्यावर टोपी तशीच, माझ्या वाडग्यातून खातोय. झाकणाला सकाळी मारलेली चिकटपट्टी लोंबतेय. सासूबाई त्याच्या पाठीशी उभ्या — "गीळ लवकर. ती यायच्या आत वाडगा विसळायचाय मला."

मग त्याला मी दिसले. घास तोंडात तसाच. वाळलाय खूप. दाढी पांढरी झालीय. आणि म्हणतो काय — "नॅडीन... चांगलं झालंय."

चांगलं झालंय!

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. सासूबाई एवढंच म्हणत राहिल्या, "उपाशी होता गं. उपाशी होता." शेजारच्या गावात टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन राहतो. शेगडी नाही, काही नाही, भिंतीत एक प्लग. हिवाळा लागला तेव्हा काम सुटलं, आता कुठे धान्याच्या कोठारावर लागलाय, रात्रपाळीला. दुपारी उठला की इथे यायचा.

आणि मी तिकडे बोटं झिजवून त्याचं पोट भरत होते! जो मला टाकून गेला त्याचं!

सासूबाईंना म्हटलं, "एवढा पुळका आहे ना, मग त्याच्याकडेच जा राहायला!"

क्लेटन उठला, वाडगा धुतला, पालथा घातला, गेला. लग्नाच्या अख्ख्या संसारात या माणसाने कधी चमचा विसळला नव्हता.

शनिवार, २१ जानेवारी

सासूबाईंनी त्याला फोन केला. पुढच्या शनिवारी न्यायला येणार. मला म्हणाल्या, "तुझ्यावर किती पडून राहायचं? मला काय कळत नाही?"

मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

सोमवार, २३ जानेवारी

मारिसोल म्हणाली, "सुटलीस बाई! आता जरा माणसासारखी जग."

सुटलेच. आल्यावर पाय वर करून बसता येईल. टीव्ही बंद ठेवता येईल. एकटीला लागतं किती!

मंगळवार, २४ जानेवारी

सासूबाई पिशवी भरतायत. म्हटलं, "तिथे दिवसभर करणार काय?"

"इथे काय करते? बसते. तिथे बसेन."

"जिना आहे. बाहेरून. लोखंडी."

"चढेन."

मग मोज्यांच्या जोड्या लावता लावता म्हणाल्या, "वाईट नाही गं तो. त्याला एका जागी राहता येत नाही, एवढंच. बाप तसाच होता. पण तुझ्या अन्नावर तगला हो."

"मी कुठे दिलं? तुम्ही चोरलंत!"

"चोरलं," म्हणाल्या. "चिकटपट्टी काय चिवट होती! नखं मोडली माझी." आणि हसायलाच लागल्या. मलाही हसू आवरेना. पलंगावर बसून दोघी हसतोय, मध्ये ती अर्धी भरलेली पिशवी.

गुरुवार, २६ जानेवारी

कोंबडी लावून गेले होते. चिकटपट्टी नव्हती. आले तर भांडं काठोकाठ! झाकण एकदाही उघडलेलं नाही. बटाटा लोणी, मांस हाडावरून आपोआप सुटलेलं. या भांड्यात इतकं चांगलं कधी झालं नव्हतं.

"खाल्लं का नाहीत दुपारी?"

"तुझं आहे ते."



शनिवार, २८ जानेवारी

क्लेटन आला. बर्फ पडत होतं. सासूबाई पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर. मी आत गेले, कुकरचा प्लग काढला, भरलेलं भांडं गरम होतं तसंच टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "राजमा आधी उकळायचा, मग यात. आणि झाकण उघडायचं नाही." तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

मग दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडलं. "आई, उतरा."

त्या बघतच राहिल्या. "भांडं तर त्याला दिलंस. संध्याकाळी खायचं काय?"

"बघू. उतरा आधी."

आधी पिशवी माझ्याकडे दिली. मग हात.