काकांचा फोकसर

९ नोव्हें., रवि.
कालची रात्र वाया. नवा रायपूरच्या पुढं शेतात एवढी थंडी खाल्ली आन फोटोत एकही तारा गोल नाही. नवा कॅमेरा जड. दुर्बीण वर केली की फोकसरची, म्हणजे कॅमेरा बसते ती पुढं-मागं सरकणारी नळी त्याच्या वजनानं हळूहळू खाली घसरते. जुन्या हलक्या कॅमेऱ्यासंगं चार वर्षं हा फोकसर कधी हलला नाही. दिवाळीच्या साफसफाईत शिलाई मशीन, दाराचे कब्जे, फोकसर, सगळ्यायले तेल घातलं, पुसलं. तरी याचे नखरे.

११ नोव्हें.
नवीन फोकसर पाहून राहिली. दोन जाती. एक माहा, काकांनी केला तसा, दांडी नळीले दाबून धरते आन फिरवली की सरकवते. दुसरा दात्यांचा. जड कॅमेऱ्याले दात्यांचाच घ्या म्हणतात सगळे. पुण्याच्या दुकानदाराले मेल टाकला.

टाकताना बरं नाही वाटलं. आमच्याच पाऱ्यातले, गल्लीच्या टोकाचे गजाननकाका सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये धातू कातायचा जुना लेथ बसवला आन पहिली वस्तू केली ती माह्यासाठी, हा फोकसर. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात, "आपल्या पाऱ्यातली मास्तरीण चंद्र पाहते न, त्यात माहा पुर्जा हाय."

१४ नोव्हें., शुक्र.
सांगून आली. चोरून नवीन घेण्यापेक्षा तोंडावर सांगावं म्हटलं. फोकसर त्यायच्या हाती दिला आन बोलली, "काका, हा आता घसरते. जड कॅमेरा याच्या बसचा नाही."

त्यायनं नळी वर-खाली केली. मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासून वस्तू डोळ्याजवळ नेऊन पाहतात. मग बोटानं चाचपलं. "हव, ढिलीच हाय व. तवाच हात कापत असतीन माहे. मलेच समजलं नाही."

"तसं नाही काका," एवढंच म्हणाली. काकूनं डब्यात तांदळाचा फरा भरून दिला. फोकसर परत घेऊन घरी आली. फरा खाल्ला, पण गोड नाही लागला.

१८ नोव्हें.
शाळेतून येताना काकांचा दीपक भेटला. मराठी समजते त्याले, बोलते हिंदीच. "दीदी, पापा लेथ बेच रहे हैं. बोलते हैं, अब हाथ में वो बात नहीं रही." बीरगांवचा कोणी वर्कशॉपवाला रविवारी नेणार.

मी काय खोटं बोलली? घसरते त घसरते. पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही. नववीच्या पोट्ट्यायवर उगाच खेकसली.

२० नोव्हें., गुरु.
पुण्याहून फोन. दुकानदार भला माणूस, विकायची घाई नाही. "ताई, आधी जुन्याचं बघू. घर्षणावरचा आहे ना? दांडीला तेलबिल नाही ना घातलंत? तेल लागलं की पकड जाते, हलका कॅमेरासुद्धा घसरतो."

मी म्हटलं, "नाही नाही."

फटकन निघालं तोंडातून. ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याशी काहून खोटं बोलली? फोन ठेवला आन शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली तेलाची कुप्पी पाहत बसली. आईची सवय, कुरकुरलं की दोन थेंब. याच्यात त काही कुरकुरतही नव्हतं.

घर्षणाचा धडा दर वर्षी शिकवते मी. लाज वाटते.

२१ नोव्हें.
सकाळी स्पिरिटनं दांडी पुसली, नळी पुसली. कापूस काळा निघाला. जड कॅमेरा लावला, दुर्बीण छताकडं उभी केली, नळीवर पेन्सिलची रेघ मारली आन शाळेत गेली. संध्याकाळी पाहिलं त रेघ तिथंच. केसभर हलली नाही.

सुनीलले सांगितलं. चहा गाळता गाळता म्हणाला, "मंग जाऊन सांग न. नवरा हाय म्हणून माह्यावर ढकलू नको." मी म्हटलं, उद्या.

२२ नोव्हें., शनि.
गेली. काका शेडमध्ये लेथ पुसून तेल देऊन राहिले होते. "पोरगी सासरी चालली, तेलफणी करूनच पाठवाव लागते," म्हणाले. हसले. लेथवर एक हात ठेवूनच बोलत होते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणतात, "एक सांगू? दीपक म्हणते पापा बढिया, काकू म्हणते बढिया. तू एकटी खरं बोलली. नाही त मी असाच कोणाचं नुकसान करत बसलो असतो."

पिशवीत फोकसर होता. कापसाचा काळा बोळाही नेला होता दाखवाले. पिशवी तशीच घेऊन परत आली. सुनील माहं तोंड पाहूनच समजला असंन.

ह्या घडीले रागही येऊन राहिला, त्यायचा. इतक्या लवकर काहून मानलं माहं? तीस वर्षांच्या हातापेक्षा एका मास्तरणीच्या बोलण्यावर विश्वास? पण हा राग खोटा हाय. चूक माही हाय आन मले खरं बोलणारी म्हणून घ्यायले आवडलं, एका मिनिटासाठी का होईना. ते जास्त बोचते.

२३ नोव्हें., रवि. सकाळ
नीट झोप नाही. काय बोलायचं ते ठरवलं. "काका, तुमचा हात बराबर होता. मी तेल घातलं." एवढंच. रडायचं नाही, आपली कैफियत मांडायची नाही. दुर्बीण तिथंच उभी करीन, कॅमेरा लावीन, रेघ त्यायच्याच हातानं मारून घेईन. समजूत काढाले आली असं नको वाटाले.

वर्कशॉपवाला अकरा वाजता येणार म्हणे. आता साडेनऊ. दुर्बीण अंगणात काढून ठेवली, सुनील गाडी काढून राहिला. तेलाची कुप्पीही घेतली.

खिडकीतून काकांचं फाटक दिसते. छोटा हत्ती टेम्पो उभा हाय तिथं, मागचं फळकं खाली पाडलेलं. दीड तास आधीच आला. दोन माणसं शेडकडं चालली, हातात दोर. काका त्यायच्या पुढं, दार उघडाले.

चप्पल घालून लिहून राहिली मी. वही ठेवते, पळते.