दर दोन तासांनी

२ फेब्रुवारी, रविवार

पान सत्तेचाळीस. वरून सहावी ओळ. ‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर १२ तासांनी बदलावी.’

बारा नव्हे. दोन!

काल छोट्या प्रकाशकांच्या केंद्राच्या हॉलमध्ये आजाऱ्याच्या घरगुती शुश्रूषेवरच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. नर्सबाई बोलायला उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, आयुष्यातलं पहिलंच पुस्तक, खाली बघूनच कागद वाचत होत्या. पण एक वाक्य ठणकावून म्हणाल्या : “दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. गजर लावा, पण वळवा.” मी टाळ्या वाजवल्या. मनात कुठेतरी खट्ट झालं. आज जेवण झाल्यावर भिंग घेऊन बसले आणि ते पान काढलं.

दुसऱ्याच पानावर छापलंय — मुद्रितशोधन, आणि पुढे माझं नाव. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. एक वेलांटी माझ्या हातून सुटत नसे.

डोळे. दुसरं काय.

३ फेब्रुवारी, सोमवार

केंद्रात गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते.

पुस्तकाची प्रकाशक, कंपनी, गठ्ठे बांधत होती. तिला सगळे कंपनीच म्हणतात, कारण मालक, कारकून, हमाल, सगळं ती एकटी. केंद्राने तिला एक कपाट, अर्धं टेबल आणि कॉम्प्युटरची सकाळची पाळी दिली आहे. असे पाच छोटे प्रकाशक आहेत आमच्या खोलीत. एकाच्या कपाटावर दुसऱ्याचा गठ्ठा. जागा केंद्राची, शनिवारचं विक्रीचं टेबल केंद्राचं, आणि प्रुफं तपासायला फुकटातली मी. तीन वर्षांत तिची तीन पुस्तकं निघाली आणि तिन्ही कपाटातच राहिली. हे चौथं — शनिवारी टेबलावरून हातोहात गेलं.

“बाई, ऐंशी प्रती गेल्या! दोन वृद्धाश्रमांतून फोन आले,” म्हणाली. तोंडात सुतळी, त्यामुळे शब्द चावून चावून येत होते. “तुम्ही डोळ्यांखालून घातलं होतं म्हणून मी निश्चिंत. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, बाईंनी बघितलंय ना, मग मी परत कशाला बघू.”

मी म्हटलं, सुतळी जरा घट्ट आवळ.

एवढंच म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले नाही. सुनेला सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मनाशी वाद घालत बसले. माणसं शहाणी असतात. बारा तास कुणी एका कुशीवर ठेवेल का? वाचणाऱ्याला कळेलच की ही छपाईची चूक आहे.

मग वाटलं, कळणार असतं तर पुस्तक कशाला विकत घेतलं असतं?

खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. कबूल केलं की केंद्रातलं माझं टेबल गेलं. ‘बाईंना आता दिसत नाही’ असं एकदा पसरलं की कोण प्रुफं देईल? मग दिवसभर घरात बसायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजत. यजमान वारल्यावर घरात मला त्याहून मोठं काम उरलेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

विक्रीचं टेबल. मी नेहमीसारखी बिलबुकापाशी. नर्सबाईंच्या पुस्तकाच्या बावीस प्रती गेल्या. प्रत्येक प्रत माझ्या हातातून गेली. एका बाईने विचारलं, “घरी करता येण्यासारखं आहे ना यातलं सगळं?”

“हो,” म्हटलं मी. “सोप्या भाषेत आहे.”

जीभ कशी झडली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

केंद्राचा वॉचमन फाटकापाशी थांबला होता. एरवी हसतमुख माणूस, आज चेहरा उतरलेला. म्हणाला, “बाई, त्या पुस्तकवाल्या नर्सबाईंचा नंबर मिळेल का? आईच्या पाठीला जखम झालीय. माकडहाडापाशी.”

त्याची आई चार महिने पडून आहे, हे मला माहीत होतं. पुस्तक घेतलंय, हे नव्हतं. प्रकाशनाच्या दिवशी खुर्च्या लावता लावता घेतलं म्हणे. पहिली प्रत त्याचीच.

“आधी आम्ही येता-जाता वळवायचो तिला,” म्हणाला. “कुणी पाणी द्यायला गेलं की तेवढ्यात कूस. पण वळवलं की कण्हायची हो. पुस्तकात वाचलं बारा तास, तर बायको म्हणाली, मग उगाच कशाला म्हातारीला छळायचं? सकाळी एकदा, रात्री एकदा. आम्ही अगदी पुस्तकाप्रमाणे केलं बघा. तरी कसं काय झालं?”

‘अगदी पुस्तकाप्रमाणे.’

“पुस्तकात चूक आहे,” मी म्हटलं. “दोन तास हवं. चूक माझी आहे. मला आठ दिवसांपासून माहीत आहे.”

शेवटचं वाक्य कसं तोंडातून आलं, कळलं नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “आठ दिवस?” एवढंच म्हणाला. मग फाटक उघडून बाजूला झाला, रोज होतो तसा.

नर्सबाईंना तिथूनच फोन लावला. त्या अर्ध्या तासात त्याच्या घरी पोचल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीला सांगितलं. केंद्राच्या संचालकांसमोरच सांगितलं, म्हणजे मागे फिरायला वाव नको. डोळ्यांमुळे सुटलं, मी म्हणाले. आठ दिवसही सांगितले.

कंपनी उठली. कपाट उघडलं आणि उरलेल्या प्रती टेबलावर काढायला लागली. संचालक म्हणाले, विक्री थांबवा. ती म्हणाली, “थांबवली. आता गेलेल्या शोधायच्या.” मग माझ्याकडे न बघता, “बाई, शनिवारचं बिलबुक आणा. फोन नंबर असतील त्यात.”

संध्याकाळपर्यंत एकसष्ट फोन केले. मीच केले. प्रत्येकाला तेच — पान सत्तेचाळीस, बारा नाही, दोन. एका गृहस्थांनी विचारलं, आपण कोण बोलताय? चूक करणारी, म्हटलं मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाकीचे चारही प्रकाशक आपापली कामं बाजूला ठेवून चुकीच्या आकड्यावर दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवायला बसले. एरवी कपाटाच्या एका खणावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं. कवितावाला पट्ट्या कापत होता, शाळेच्या गोष्टी काढणाऱ्या वहिनी डिंक लावत होत्या. कुणी मला टाकून बोललं नाही. उलट चहाचा पहिला कप मला. तो मी वहिनींपुढे सरकवला.

कंपनी म्हणाली, “मनाला लावून घेऊ नका. शेवटचा हात मीही फिरवायला हवा होता. वय झालं की डोळ्यांचं व्हायचंच.”

तिची चौथी संधी माझ्यामुळे गेली, आणि ती मला समजावतेय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वॉचमनच्या घरी गेले. नर्सबाई रोज सकाळी जाऊन जखम धुतात. मी दारातच उभी राहिले. त्याची बायको म्हणाली, “या आत. तुम्ही पण शिका.” रागाने नव्हे, सरळच म्हणाली. खांद्याखाली कसा हात घालायचा, गुडघा कसा आधी दुमडायचा, ते दाखवलं. म्हातारी कण्हली. भिंतीवर एक कागद चिकटवलाय — सहा, आठ, दहा, बारा. प्रत्येक वेळेपुढे कुणाची तरी सही.

दुपारी दोनच्या पाळीवर मी सही केली. आता रोज येईन, मी म्हणाले. तिने माझ्या हातातलं पेन घेऊन कागदाशेजारी अडकवलं.

जखम भरायला दोन-तीन महिने लागतील, नर्सबाई म्हणाल्या. भरली तर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मोतीबिंदू आहे, पण अगदी सुरुवात. चष्म्याने छापील मजकूर व्यवस्थित दिसायला हवा, म्हणाले. पटलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या, मी मुलाला म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केंद्रातलं माझं टेबल आवरत होते. खालच्या खणात नर्सबाईंच्या पुस्तकाचं प्रूफ सापडलं, मी तपासलेलं. सत्तेचाळीसवं पान काढलं.

छापलेलं आहे — ‘दर २ तासांनी’. बरोबर.

त्या दोनच्या आधी लाल शाईत ‘१’ काढलेला आहे. शेजारी समासात, माझ्याच अक्षरात : ‘दोन तास अशक्य. घरात करणारं माणूस एकटं असतं. १२ करावे.’

सासूबाई माझ्या भरवशावर दोन वर्षं अंथरुणावर होत्या. मी त्यांना सकाळी एकदा वळवायची, संध्याकाळी एकदा. शेवटी पाठ चिघळली होती. वयाने झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मला स्वच्छ दिसत होतं.

पान पर्समध्ये घातलंय. कंपनी पुढच्या खोलीत आहे. तिला दाखवायला उठते.