जबाबावरचा अंगठा

ता. ११, सोमवार

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. पोरांचा खोकला गेला का? इथे दमट हवेमुळे पुठ्ठे चिकटवायची खळ वाळत नाही, वह्या आठ-आठ दिवस दाबाखाली पडून राहतात.

तुझी तीन पत्रं आली. कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे.

भावजींना कशावरून पकडलं, असं तू विचारतेस. आम्ही बांधणीवाले पुठ्ठा जाड व्हावा म्हणून आत रद्दी चिकटवतो, हे तुला ठाऊक आहे. भावजींची पत्रकं मी हौसेने मागून आणली होती: राजालाही कायदा लागू, प्रजेला विचारल्याशिवाय कायदा नाही. झडतीची कुणकुण लागली आणि मी घाबरलो. जाळायला गेलो, पण जाळवेनात. समोर कचेरीच्या नोंदवह्या बांधायला पडल्या होत्या. त्यांच्याच पुठ्ठ्यांत सगळी डकवून टाकली. म्हटलं, इथे कोण बघतंय! दमटपणाने पुठ्ठा उकलला, तोही थेट साहेबांच्या टेबलावर. पत्रकांवरच्या अक्षरावरून भावजी सापडले. एरवी भावजी पोट धरून हसले असते.

फौजदाराने मला आणि भावजींना समोर उभं केलं आणि मला विचारलं, "हे वाचलंस?"

"मला कुठलं वाचता येतं, साहेब! या मास्तरांनी रद्दी म्हणून दिली, मी चिकटवली."

त्याने जबाबावर अंगठा मागितला. मी दिला.

ताई, भावजींनीच माझा हात धरून मला अक्षरं गिरवायला शिकवलं. "वाचणाऱ्याला मुकाट वाकवता येत नाही," असं म्हणायचे. माझा काळा अंगठा त्यांनी पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे. याला वाचता येत नाही." मला वाचवलं त्यांनी. मला माझीच किळस येते.

आता आरोप असा आहे, की अडाणी माणसाला फसवून त्यांनी कचेरीत पत्रकं घुसवली. या आरोपाला जन्मठेपेची शिक्षा आहे. कारस्थान कसलं, माझी भीती होती ती.

शुक्रवारी सुनावणी आहे. हे पत्र वकिलांना दे. फौजदारासमोर माझी जीभ फिरते, म्हणून लिहूनच देतो आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. भावजी लांबून ओळखतील. न्यायाधीशांनी सांगितलं तर त्यांच्यासमोर पुन्हा लिहीन. मग मला आत टाकलं तरी चालेल.

खाली सही करतो आहे.

लिहिता-वाचता येणारा,
तुझा धाकटा भाऊ