दहापैकी तीन

आदरणीय छायाआत्या यांस,
भोरहून रत्नाचा सविनय जयभीम.

मोबाईल हाताशी असताना वडीलधाऱ्यांना पत्र लिहिण्याचे धाडस केले, याची प्रथम क्षमा मागते. फोनवर मला चार शब्दही धड बोलता येत नाहीत, हे आपण जाणताच. आपला गुडघा कसा आहे? मामांचा खोकला? (उत्तरे सवडीने द्यावीत; पुढील मजकूर निकडीचा आहे.)

भोरला सध्या एका चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे. १९३२ सालचा एक तरुण कवी रेवती नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि सबंध चित्रपटभर तिला पत्रे लिहितो. ती पत्रे जुन्या वळणाने कागदावर उतरवण्याचे काम आपल्या कापूरहोळच्या घराशेजारच्या धम्मदीप पेंटरांकडे आले. त्यांचे अक्षर पाहत राहावे असे. शुद्धलेखन मात्र पाहवत नाही (ढाब्यावरची ‘शुध्द शाखाहारी’ ही पाटी त्यांचीच). म्हणून जुने अनुस्वार तपासण्यासाठी, तालुक्यात मराठीत पहिली आलेली म्हणून, मला बोलावण्यात आले. मी लाल पेन घेऊन गेले.

पाच पत्रांत मी एकशे बारा चुका काढल्या. ते रोज नवे पत्र आणत. मी मान खाली घालून तपासून देई. चुका दिवसेंदिवस वाढत गेल्या, याचे मला फार वैषम्य वाटे. (नीट लिहिलेला शब्द खोडून ते मुद्दाम चुकीचा लिहितात, हे आमच्या आळीतल्या सगुणाबाईंनी पाहिले होते; मला त्यांनी ते काल सांगितले. आत्या, हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले, तिन्ही वेळा हसू आले.)

सहावे पत्र ‘प्रिय र.’ असे सुरू होत होते. मला वाटले, रेवती. त्यात कापूरहोळला दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आहेत आणि आई सुनेची वाट पाहते आहे, असे होते. मी समासात लिहिले, ‘कवीला दुकान कोठून आले? काळाचे भान ठेवावे.’ शेवटी होते, ‘तुमी माज्याशी लगन कराल का?’ एका वाक्यात चार चुका. मी चारही दुरुस्त केल्या (‘कराल कां’ यातला अनुस्वारही), दहापैकी तीन गुण दिले आणि शेरा मारला: ‘पुन्हा प्रयत्न करावा.’

तोच कागद गुरुवारी चुकून नायिकेच्या हाती गेला. तिने घाटावर, कॅमेऱ्यासमोर, डोळ्यांत पाणी आणून पत्र उघडले आणि शेऱ्यासकट मोठ्याने वाचले. गर्दीसाठी नऊवारी नेसवून बसवलेल्या बायांत सगुणाबाईही होत्या. त्या म्हणाल्या, “अगं रत्ने, त्या पोरानं तुला मागणी घातली, अन् तू त्याला अनुस्वार दिलास व्हय?”

सगळे युनिट माझ्याकडे वळले. धम्मदीप ब्रश धूत होते. “नापास झालो. समजलं,” एवढेच म्हणाले आणि पावणेचारच्या एस.टी.ने निघून गेले. (उत्तीर्ण व्हायला साडेतीन लागतात, हे माझ्या ध्यानात आले तोवर गाडी सुटली होती.) त्यानंतर ते आलेले नाहीत.

बाकी सर्व क्षेम.

आपली नम्र भाची,
रत्ना

ता.क. कृपया शेजारी जाऊन सांगावे, की ते तीन गुण केवळ शुद्धलेखनाचे होते. आशयाचे वेगळे असतात. ते दहापैकी दहा.

दुसरा ता.क. हे काम आपल्यावर टाकणे बरे नव्हे, असे पत्राची घडी घालताना वाटले. म्हणून सकाळच्या एस.टी.ने पत्र मीच घेऊन आले आहे. आपली कडी वाजवण्याचे धैर्य होत नाही. वाचून होताच बाहेर यावे. मी त्यांच्या दुकानासमोर उभी आहे. ते शिडीवर चढून पाटी रंगवत आहेत, आणि मला मान वर करून पाहावे लागणार आहे.

रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी १० वाजून १७ मिनिटे. आपल्या दाराच्या फटीतून आत सरकवले.