पुलाच्या स्लॅबसाठी ठेवलेले दोन गाळे

मी, सुखीबाई भावसिंग राठोड, वय सुमारे अडुसष्ट, धंदा शेती, राहणार मोहतांडा, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतः सांगून लिहून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती भावसिंग सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा प्रेम माझ्याजवळ राहतो. मुलगी वर्षा उमरखेडला दिली आहे. मला दुसरे वारस नाहीत.

२. राहते घर प्रेमला द्यावे. शेत दोघांना निम्मे-निम्मे. भाऊबीजेच्या साडीवर बहिणीची हक्कसोडीची सही घेण्याची रीत मला मान्य नाही.

३. पुलाजवळच्या माझ्या जागेवर दोन गाळे आहेत. त्यांचे भाडे दोन्ही मुलांपैकी कोणालाही न देता नाल्यावरच्या जुन्या पुलाच्या देखभालीसाठी ग्रामपंचायतीकडे द्यावे. गाळे कधीही विकू नयेत. असे का, ते लिहून ठेवते.

हा पूल आणीबाणीच्या वर्षी झाला. पुसद-उमरखेड रस्त्याच्या त्या कामावर मी घमेली वाहिली. स्लॅब पडल्यावर तिच्यावर मातीची आळी बांधून पाणी भरून ठेवले होते. ते आटू न देण्याचे काम माझ्याकडे आणि दुसऱ्या तांड्यावरून आलेल्या भावसिंगकडे होते. मी भराभर हंडे ओतायची. तो म्हणे, "हळू टाक वं. काम लवकर झालं तं तू घरी जाशीन." स्लॅब पक्की झाली तोवर आमचेही ठरले होते.

पुढे पुलाच्या तोंडाशीच आम्ही हॉटेल टाकले. एसटी थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर आलुबोंडे खायचे. दर उन्हाळ्याच्या शेवटी भावसिंग सळई घेऊन पुलावर जायचा. पाणी जायची भोके मोकळी करायचा, जोडांतली पिंपळाची रोपे उपटायचा. त्याला कोणी सांगितले नव्हते.

मग बाजूने मोठा रस्ता झाला आणि जुना तुकडा पुलासकट ग्रामपंचायतीच्या गळ्यात आला. एसटी तिकडून जाऊ लागली, हॉटेल बसले, त्याच जागेवर आम्ही गाळे काढले. भावसिंग गेल्यावर भोके बुजली, पाणी स्लॅबवर साचून राहिले, आतले लोखंड गंजून फुगले. मागच्या पेरणीत तर स्लॅबला आरपार भोक पडले, खालचा नाला दिसायचा. ग्रामपंचायतीने काट्या आडव्या टाकल्या. तांड्याची पोरे शाळेसाठी मोठ्या रस्त्याने ट्रकच्या कडेकडेने जाऊ लागली.

मी कचेरीत गेले. तिथला साहेब भला माणूस, त्याने चहा पाजला. म्हणाला, "आजी, नवा पूल मागितला तर प्रस्ताव पाठवता येतो. जुन्याच्या डागडुजीला हेडच नाही." म्हणजे त्या नावाने पैसाच येत नाही. उद्घाटन नसलेल्या कामाला कोण पैसा देणार?

माझ्या आईने दिलेले चांदीचे वाळे मी मोडले आणि पैसे पुलासाठी ग्रामपंचायतीत भरले. प्रेम म्हणाला, "याडी, पूल सरकारचा हाय. आपण कायले?" मी म्हटले, "पोरं तं आपली हायेत." तो रागाने शेतावर निघून गेला. ग्रामपंचायतीने ठराव केला, अभियंता बघून गेला, गंजलेले तोडून नवे काँक्रीट भरले. त्यावर पाणी टाकायला मी काठी टेकत गेले. एकटीच होते. खूप दिवसांनी भावसिंगशी मोठ्याने बोलले.

म्हणून हे भाडे. दरवर्षी पावसाआधी भोके साफ करावीत, जोड भरावेत, कठड्याला रंग द्यावा. उरेल ते पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवावे. माझ्या नावाची पाटी लावू नये.

४. माझा दीर बादल याने पुलाच्या कठड्याचे पाइप काढून गोठ्याला लावले आहेत. त्याला काही देणे नाही. पाइप परत बसवले तर माझ्या तेरवीला त्याला पहिल्या पंगतीत बसवावे. नाही बसवले तरी जेवू घालावे, पण शेवटच्या.

५. पुरवणी. वरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा प्रेम दारात उभा होता. त्याने विचारले, "भाडं कमी पडलं तं?"

मी म्हटले, "तं पूल पडीन, काय करता."

तो आत आला आणि हे लिहिणाऱ्या भारतभाऊंना म्हणाला, "कमी पडलं ते माह्या वाट्याच्या कापसातून घालजा. लिवा."

मी म्हटले, "रागानं म्हणून राह्यला का?"

"नाही वं याडी. आणा भाऊ तो कागद इकडे."

त्याच्या सांगण्यावरून ही ओळ घातली आहे आणि तिच्याखाली त्याने सही केली आहे.

(सही) प्रेम भावसिंग राठोड

हे सर्व मला वाचून दाखवले, समजले, माझ्या मनासारखे आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) सुखीबाई भावसिंग राठोड

आमच्या देखत सही झाली:
१. राजकुमार नानाजी ठाकरे, निवृत्त शिक्षक
२. कोकिळा राजकुमार ठाकरे

लिहिणार: भारत देवसरकर, दस्तलेखक, पुसद

ठिकाण: मोहतांडा
दिनांक: १४ मे २०२५